फेऱ्या कमी, बैठका नीट: हॉकी खेळणाऱ्या मुलांची मैदानाबाहेरची तयारी

जबलपुरात संध्याकाळी मुलं हॉकी खेळत असतील अशा कुठल्याही मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं की एक हुकूम हमखास कानावर येतो: "मैदानाला पाच फेऱ्या मार!" उशीर झाला तर फेऱ्या, पास चुकला तर फेऱ्या, आणि सामना हरला तर अख्ख्या संघाला फेऱ्या. शिक्षाही तीच आणि तयारीही तीच. फेऱ्यांनी मुलं दमतात, त्यामुळे पालकांनाही वाटतं की भरपूर मेहनत झाली. पण दमणं आणि तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली मधू यादव याच शहरातली. इटारसीजवळच्या गावातून निघालेला विवेक सागर प्रसाद टोकियो ऑलिंपिकचं कांस्यपदक गळ्यात घालून आला. तेव्हा मुलाने किंवा मुलीने "मला हॉकी खेळायची आहे" म्हटलं की या भागात कुणाला नवल वाटत नाही. अडतं ते पुढे. मैदानावर सर आहेत, पण टर्फचा वेळ मोजका, आणि तो सगळा स्टिक आणि चेंडूतच जातो. थंड देशांत बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या मुलांचंही असंच असतं. रिंकचा वेळ महाग, म्हणून रिंकबाहेर व्यायाम करण्याची तिथे रीतच पडली आहे. आपल्याला ती गच्चीवर, अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत पाडता येते. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ती कशी पाडायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी खेळ काय मागतो ते समजून घेऊ. मोठ्या स्पर्धांतला सामना 15 मिनिटांच्या चार भागांत होतो आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. मैदान 91.4 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. त्यावर खेळाडू एका लयीत कधीच धावत नाही. चार-पाच सेकंद जीव तोडून धाव, कचकन थांबणं, वाकून चेंडू घेणं, वळणं, चार पावलं चालणं, की पुन्हा धाव. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. टर्फवर चेंडू अडखळत नाही, त्यामुळे खेळाडूलाही उसंत मिळत नाही. रिओला 2016 मध्ये शेवटचा, म्हणजे बारावा आलेला आपला महिला संघ टोकियोत चौथा आला. त्यामागे बरीच कारणं होती, पण वेन लोम्बार्ड या दक्षिण आफ्रिकेच्या क्रीडाशास्त्रज्ञाने त्या मुलींच्या शारीरिक तयारीवर घेतलेली मेहनत हे त्यातलं ठळक कारण.

आता पहिलं काम. व्यायामाच्या आधी भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. दर महिन्याला, शक्यतो सकाळी, अनवाणी उभं करून उंची मोजायची आणि तारीख लिहायची. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलगे चौदाव्याच्या सुमारास सगळ्यात वेगाने वाढतात. कुणी दोन वर्षं आधी, कुणी दोन वर्षं नंतर. या काळात हाडं पुढे जातात आणि स्नायू मागून येतात. कालपर्यंत चपळ असलेलं पोर अचानक धडपडायला लागतं, स्वतःच्याच पायात अडकतं. ते आळशी झालेलं नसतं. भिंतीवरच्या खुणा एकदम लांब लांब पडू लागल्या की उड्या आणि वेगाच्या धावा थोड्या कमी करायच्या आणि हालचाल नीट बसवण्यावर भर द्यायचा, एवढं आपल्या हातात आहे.

एक शंका इथेच मिटवू, कारण ती प्रत्येक घरात निघते: ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते का? नाही. लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचा एक थर असतो, तिथून हाड वाढतं. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने तिला इजा होते असा पुरावा नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनाही आता असा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि उपयोगी मानतात. इजा होते ती देखरेख नसताना, मित्राशी पैज लावून झेपणार नाही ते वजन उचलल्याने.

दुसरा टप्पा अंग मोकळं करण्याचा. आपल्याकडे मुलं गोल करून उभी राहतात, पायाचे अंगठे धरून वीस आकडे मोजतात आणि "झालं सर" म्हणून धावत सुटतात. थंड स्नायू ताणून धरल्याने अंग तापत नाही. त्याऐवजी दहा-बारा मिनिटं चालती हालचाल हवी. हलकं धावणं, गुडघे वर उचलत चालणं, मागे-पुढे पाय झुलवणं, बाजूला सरकत धावणं, मग थोड्या बैठका, आणि शेवटी दोन-तीन वेगाच्या छोट्या धावा. घरी सूर्यनमस्कारांची सवय असेल तर सुरुवातीला सावकाश घातलेले पाच-सहा नमस्कार उत्तम. अंगठे धरायचे असतील तर ते खेळ झाल्यावर.

तिसऱ्या टप्प्यावर जरा रेंगाळायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. वजन हातात घेण्याआधी रिकाम्या अंगाने चार हालचाली नीट यायला हव्यात: बैठक, खुब्यातून वाकणं, एक पाय पुढे टाकून खाली जाणं, आणि जोर.

यातली हॉकीवाल्यांना सगळ्यात गरजेची हालचाल म्हणजे खुब्यातून वाकणं. हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे. स्टिकची सपाट बाजू एकच, डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नाही, त्यामुळे प्रत्येक मूल त्याच बाजूला वाकतं आणि त्याच बाजूला वळतं. जे मूल पाठीची कमान करून वाकतं, त्याचा सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर येतो. जे खुब्याच्या सांध्यातून वाकतं, त्याचा भार मांड्या आणि नितंबांचे मोठे स्नायू घेतात.

हे शिकवायला एक काठी पुरते. कपडे वाळत घालायची किंवा झाडूची सरळ काठी घ्या. हॉकी स्टिकला टोकाशी बाक असतो, म्हणून ती इथे चालत नाही. काठी पाठीवर उभी धरायची. एक हात मानेमागे, एक हात कंबरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड. आता गुडघे किंचित वाकवून ढुंगण मागे न्यायचं, मागचं दार ढुंगणाने ढकलून बंद करायचं असावं तसं, आणि छाती पुढे झुकू द्यायची. तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली तर हालचाल बरोबर. माकडहाडापाशी काठी सुटली की समजायचं, वाकणं पाठीतून झालं. पहिल्या दिवशी बहुतेक मुलांची काठी सुटतेच. सुटली तर तितकंच खाली जायचं जितकं सुटत नाही. रोज आठ-दहा वेळा केलं तरी काही आठवड्यांत फरक दिसतो, आणि तो मैदानावर चेंडू अडवताना दिसतो.

बैठकीत दोन चुका होतात. टाचा उचलल्या जातात किंवा गुडघे आत वळतात. टाचा उचलत असतील तर आधी घोटा मोकळा करायला हवा. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवून, टाच जमिनीवर ठेवून, गुडघा भिंतीला लावायचा आणि पाय हळूहळू मागे न्यायचा. जोर घालताना कंबर झोळीसारखी खाली लोंबत असेल तर हात पलंगाच्या कडेवर किंवा पायरीवर टेकून सुरुवात करा. जमिनीवर घातलेल्या वीस वाकड्या जोरांपेक्षा पायरीवरचे सहा सरळ जोर कामाचे. घरातल्या आजोबांनी तालमीत माती अंगाला लावली असेल तर त्यांना समोर बसवा. खोट काढायला त्यांच्यासारखं माणूस नाही.

चौथा टप्पा थांबण्याचा. आपण मुलांना वेग शिकवतो, थांबणं कुणी शिकवत नाही. पॅडल उत्तम पण ब्रेक ढिले अशी सायकल घेऊन आपण पोराला सदर बाजाराच्या गर्दीत सोडणार नाही. टर्फवर मात्र नेमकं तेच करतो. टर्फवर बूट घट्ट पकडतो, त्यामुळे थांबण्याचा झटका गुडघ्याला आणि घोट्याला जातो.

जिन्याची सगळ्यात खालची एकच पायरी घ्या. मुलाने तिच्यावरून उडी न मारता नुसतं खाली पाऊल टाकून दोन्ही पायांवर उतरायचं आणि उतरल्यावर दोन सेकंद पुतळा व्हायचं. आपण समोर उभं राहून तीन गोष्टी पाहायच्या. आवाज किती झाला? गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले की एकमेकांकडे वळले? तोल गेला का? धप्प आवाज आला तर गुडघे आणि खुबे पुरेसे वाकले नाहीत. गुडघे आत वळण्याकडे मुलींच्या बाबतीत विशेष लक्ष द्यायचं. वयात आल्यानंतर मुलींना गुडघ्याच्या आतली एसीएल ही दोरी, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकत्र बांधणारा मजबूत धागा, तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. अशी दुखापत पुष्कळदा कुणाचा धक्का न लागता, उतरताना किंवा वळतानाच होते. मोबाइलवर समोरून चित्रण करून मुलीलाच दाखवा. सांगून जे कळत नाही ते एकदा पाहून कळतं.

दोन पायांवर जमलं की एका पायावर. मग दहा मीटर धावून तीन पावलांत थांबणं. मग थांबून डावीकडे, उजवीकडे वळणं. घाई नको. एकेका पायरीला दोन-तीन आठवडे गेले तरी काही बिघडत नाही.

आता पाचवा टप्पा, भार. याचीच मुलांना सगळ्यात घाई असते. आधीच्या चार हालचाली नीट येत असतील तर दहा-अकरा वर्षांचं मूलही थोडा भार घेऊ शकतं. त्यासाठी जिम लागत नाही. दोन पाण्याच्या बाटल्या, छातीशी धरलेलं पुस्तकांचं दप्तर, ताणायचा रबरी पट्टा पुरतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. एका हालचालीच्या आठ ते बारा आवृत्त्या, असे दोन-तीन गट. थांबायचं केव्हा? अजून दोन नीट करता आल्या असत्या असं वाटतं तेव्हा. शेवटची आवृत्ती थरथरत, दात-ओठ खात पूर्ण करण्यात मोठेपण नाही. बारा सहज आणि सुबक होऊ लागल्या की भार थोडासा वाढवायचा.

सुरुवातीच्या काही महिन्यांत दंड फुगलेले दिसणार नाहीत. या वयात ताकद आधी वाढते ती मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसल्याने, आणि ती पुरेशी असते. चौदा-पंधरा वर्षांची मुलं मात्र आरशात पाहत जिममध्ये फक्त छाती आणि दंड करतात. हॉकीचं काम कंबरेखाली आणि पाठीमागे चालतं, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या भागात. त्यातच कुणीतरी डब्यातली पावडर हातात ठेवतं. तिच्याबद्दल नंतर.

भाराबरोबर दोन जागा खास जपायच्या. मांडीची मागची बाजू आणि पोट-कंबरेचा पट्टा. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. सतरंजीवर गुडघे टेकून सरळ बसायचं, दुसऱ्याने घोटे घट्ट धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. धरवेनासं झालं की हात टेकायचे. पहिल्या आठवड्यात तीन-चार वेळाच, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच दुखतात. सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम नकोच. पोट-कंबरेच्या पट्ट्यासाठी कोपरावर टेकून एका कुशीवर शरीर सरळ धरणं, दोन्ही बाजूंनी. फटका मारताना आणि ड्रॅग फ्लिक करताना, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत आणून फेकताना, डावा पाय पुढे असतो आणि धड एकाच दिशेला पिळतं. म्हणून मैदानाबाहेर जे कराल ते दोन्ही अंगांनी सारखं, आणि जी बाजू कच्ची तिच्यापासून सुरुवात.

सहावा टप्पा दमसासाचा, आणि इथे पुन्हा त्या फेऱ्या. हंगामाच्या सुरुवातीला थोडं संथ धावणं ठीक आहे, पायांना सवय होते. पण एका लयीत धावून मूल एका लयीत धावायला शिकतं. बारा वर्षांखालच्यांना तर वेगळा दमसास शिकवूच नका. पकडापकडी, खो-खो, चार-चार जणांची छोट्या जागेतली हॉकी यातून तो आपोआप येतो. मोठ्यांसाठी 15 सेकंद जोरात धाव, 15 सेकंद चालणं, असं पाच-सहा मिनिटं. मग तीन मिनिटं विश्रांती आणि पुन्हा एकदा. आठवड्यातून दोनदा पुरे. मापायचं असेल तर यो-यो चाचणी आहे. 20 मीटर जाऊन परत यायचं, दहा सेकंद सावकाश चालायचं, आणि ध्वनिफितीवरच्या ठोक्यांबरोबर वेग वाढवत न्यायचा. मोठ्या संघांतही ती वापरतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा ठीक. दर आठवड्याला घेतली तर ती तयारी न राहता परीक्षा होते.

जबलपूरकरांना एक सोय फुकट मिळाली आहे, मदन महालची टेकडी. चढणीवर वीस-तीस मीटरच्या धावा म्हणजे ताकद आणि दम एकत्र, शिवाय चढावर पाय आपटत नाहीत. पण उतरताना चालतच यायचं. उतारावर धावल्याने मांड्या आणि गुडघ्यांना जो ताण पडतो तो दोन दिवस पुरतो. ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर धावणारी मुलंही दिसतात. पाण्याजवळच्या ओल्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथे व्यायाम नकोच.

ऊन हा आपल्याकडचा वेगळा धडा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि कृत्रिम टर्फ गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतो. उन्हाळी शिबिर पहाटे किंवा सूर्य कलल्यावरच. सुट्टीत मामाकडे पंखा-कूलरमध्ये राहून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण सराव देऊ नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. एका तासात अर्धा-पाऊण किलो उतरलं असेल तर तेवढं पाणी कमी पडलं. पाण्याबरोबर मीठ-साखरेचं लिंबू सरबत किंवा ताक द्या. मूल चक्कर येते म्हणालं, असंबद्ध बोलू लागलं तर तो चिडचिडेपणा समजू नका. सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता आणि दवाखाना गाठा. मग जूनमध्ये पाऊस येतो, मैदानं चिखलात जातात, आणि सगळी तयारी सुटते. खरं तर गच्चीखालच्या जागेत वरचे टप्पे घोटून घ्यायला पावसाळ्यासारखा काळ नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. पहाटेच्या सरावाआधी केळं किंवा दोन खजूर, आल्यावर पोटभर न्याहारी. पोहे चालतील, पण नुसते पोहे म्हणजे फक्त पिष्ट. त्यावर शेंगदाणे, बरोबर दूध, अंडं किंवा मोड आलेली मटकी हवी. खव्याची जलेबी जबलपूरची शान आहे, रविवारी खावी. रोजच्या डाळ-भात-पोळीला सातूचं पीठ, फुटाणे, दही, पनीर यांची जोड दिली तर पावडरच्या डब्याची गरज पडत नाही. डब्यात नेमकं काय आहे हे लेबलावरून कळेलच असं नसतं, आणि बंदी असलेल्या पदार्थाची भेसळ निघाली तर शिक्षा खेळाडूलाच होते. मुलगी नेहमीपेक्षा लवकर दमत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू झाल्यावर मध्येच काही महिने बंद पडली तर "खेळाडू मुलींचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

झोप आठ ते दहा तास. शाळा, शिकवणी आणि हॉकी यांत आधी काटली जाते ती झोपच. आठवड्याचा एक पूर्ण दिवस सुट्टीचा, त्यात यो-यो नाही आणि काठीही नाही. आठवड्याचे खेळाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ नयेत हा ढोबळ नियम भिंतीवरच्या उंचीच्या खुणांशेजारीच लिहून ठेवा.

शेवटी दुखण्याबद्दल. व्यायामानंतर दोन दिवस दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, ते साधं दुखणं. एकाच ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येतं असं दुखणं वेगळं. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर किंवा टाचेच्या मागे असं दुखत असेल तर वाढीच्या वयात ते पुष्कळदा ताणाने होतं आणि उड्या-धावा कमी केल्या की ओसरतं. कंबरेचं मात्र पुढे ढकलू नये. मागे वाकल्यावर किंवा एका पायावर उभं राहून मागे झुकल्यावर दुखत असेल आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर मणक्याच्या मागच्या भागात बारीक तडा गेलेला असू शकतो. ड्रॅग फ्लिकचा फार सराव करणाऱ्या मुलांमध्ये हा संशय आधी घ्यावा. फ्लिक ताबडतोब बंद, मलम चोळत बसणं नको, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना आपण बोलण्याऐवजी मुलालाच स्टिक धरल्यासारखं उभं राहून नेमक्या कुठल्या हालचालीला कळ येते ते दाखवू द्या.